गुणवत्ताखर्च आणि टोरोंटोचा धडा

सदोष मालाची खरी किंमत ताळेबंदात एका जागी दिसत नाही. भंगार, दुरुस्ती, तक्रारी, भरपाई अशा अनेक शीर्षकांखाली ती विखुरलेली असते. ती एकत्र करून मोजण्याच्या पद्धतीस गुणवत्ताखर्च म्हणतात. जोसेफ जुरान यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात या विचाराचा पाया घातला. १९५६ मध्ये आर्मंड फायगेनबाम यांनी त्याचे वर्गीकरण मांडले.

प्रशिक्षण, यंत्ररचना, कच्च्या मालाचे निकष यांवर होणारा तो प्रतिबंधक खर्च. तपासणी व चाचण्यांचा तो मूल्यमापन खर्च. दोष कारखान्यातच सापडला तर अंतर्गत दोषखर्च आणि माल ग्राहकाच्या हाती गेल्यावर उघड झाला तर बाह्य दोषखर्च. हा शेवटचा प्रकार सर्वांत महाग आणि सर्वांत कमी आटोक्यात राहणारा.

कॅनडातील मेपल लीफ फूड्सच्या २००८ मधील प्रकरणात हे चारही प्रकार दिसतात. टोरोंटोच्या बार्टर रोडवरील कारखान्यात शिजवलेल्या मांसाचे काप करणाऱ्या यंत्रांच्या आतल्या सांदीत लिस्टेरिया जिवाणू साचले. नेहमीची स्वच्छता तिथपर्यंत पोहोचत नव्हती. हा जिवाणू शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो, आणि असे मांस पुन्हा न शिजवताच खाल्ले जाते. रुग्णालये व वृद्धाश्रमांतील दुर्बल माणसांना त्याची सर्वाधिक झळ बसली. वीसहून अधिक जण दगावले.

कंपनीने या कारखान्यातील सुमारे २२० उत्पादने परत मागवली. त्याचा थेट खर्च तिने सुमारे २ कोटी कॅनेडियन डॉलर सांगितला. पुढे सामूहिक दाव्यात २ कोटी ७० लाखांपर्यंतची भरपाई मान्य झाली. प्रमुख मायकल मॅकेन यांनी जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. मेलेल्या माणसांचे मोल मात्र कोणत्याही वर्गीकरणात बसत नाही.

शीला वेदरिल यांच्या २००९ च्या चौकशी अहवालातील एक निष्कर्ष व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा. कारखान्यातील पृष्ठभागांच्या चाचण्यांत लिस्टेरिया आधीही वारंवार आढळला होता. प्रत्येक वेळी त्या जागेची सफाई झाली, पण नोंदी एकत्र ठेवून त्यांचा कल कोणी तपासला नाही. म्हणजे मूल्यमापनावर पैसा खर्च झाला होता. त्यातून प्रतिबंध उभा राहिला नाही. माझ्या मते तपासणी वाढवली म्हणजे गुणवत्ता वाढली, हा समज येथेच खोटा ठरतो. २००९ पासून कॅनडाच्या अन्नतपासणी यंत्रणेने अशा चाचण्यांचे निकाल कळवणे आणि त्यांच्या कलाचे विश्लेषण करणे मांस-उत्पादकांवर बंधनकारक केले.