बांधावरचे काजवे मोजायचे आहेत



रोहिणीचा एखादा पाऊस होऊन गेला, की अंधार पडल्यावर बांधावरच्या झुडपांत काजवे लुकलुकू लागतात. निदान पूर्वी लागत. आता "आमच्याकडं हल्ली दिसत न्हाईत" असे बरीच मंडळी सांगतात. पण कधीपासून दिसत नाहीत, कोणत्या शिवारातून गेले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. कारण कुणी मोजलेच नव्हते. यंदा ते काम आपण अंगावर घ्यावे.

काजवा हा भुंगेऱ्याच्या कुळातला. उडणारा काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्याआधीचे कित्येक महिने तो अळीच्या रूपाने ओल्या मातीत, पाल्यापाचोळ्याखाली काढतो. पुष्कळ जातींची अळी गोगलगायी खाते. आधी चावून विष सोडते, गोगलगाय बधिर झाली की मग खाते. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात गोगलगायींनी कोवळे सोयाबीन कसे फस्त केले, ते आठवा. काजव्यांनी ती धाड थांबवली असती असे नाही. पण बिनपगारी राबणारा गडी आपल्या हाताने का घालवावा?

नर उडता उडता उजेड पाडतो, मादी बहुधा खाली गवतात बसून त्याला उजेडानेच उत्तर देते. जवळ गोठ्याचा मोठा दिवा रात्रभर जळत असेल तर एकमेकांची खूण दिसत नाही, जोडी जमत नाही. बांध पेटवला, तणनाशक मारले, की अळीचे घरच गेले.

आता मोजायचे कसे ते बघा. मे अखेरपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. चांदण्यात मोजणी फसते. एकच जागा ठरवावी, ओढ्याकाठची किंवा झाडीच्या बांधाची. रात्री आठच्या सुमारास तिथे उभे राहून बॅटरी विझवावी व दहा मिनिटे नुसते थांबावे. डोळे अंधाराला सरावतात. मग एका बाजूला तोंड करून एक मिनिटभर लुकलुकणारे काजवे मोजावेत. असे तीनदा करावे आणि तिन्ही आकडे लिहावेत. जमिनीवर मंद, न लुकलुकता जळणारा ठिपका ही बहुधा अळी किंवा बिनपंखी मादी. तिचा आकडा वेगळा लिहावा. लिहिताना बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधावा. सोबत तारीख, वेळ, जागा, पाऊस झाला की नाही, एवढे पुरे.

एकही काजवा दिसला नाही तर शून्य लिहावे. मंडळी नेमके हेच टाळतात, आणि पुढे कामाला येतो तो हाच शून्य.

पकडून बाटलीत भरू नयेत. मृगाच्या तोंडावर घोणस, मण्यार, विंचू बाहेर असतात. तेव्हा वाटेवर बॅटरी चालू ठेवावी, पायांत गमबूट, हातात काठी आणि सोबत माणूस हवाच. विजा कडाडत असतील तर घरीच थांबावे. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला आपण शिवारात जातोच, त्याच फेरीत हे काम होते.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही समिती नेमलेली असते, आणि गावच्या जैवविविधता नोंदवहीत असली माहिती चढवता येते. दुसरी प्रत घरी सातबाऱ्याच्या कागदांत ठेवा. पुढच्या रोहिणीत त्याच जागी उभे राहताना ती लागेल.