जनमत चाचण्यांचे आकडे आणि नांदेड-लातूरचा कौल

२० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेड लोकसभा मतदारसंघातील मतदारांनी एकाच केंद्रात, एकाच वेळी दोन मते दिली. एक विधानसभेसाठी, दुसरे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे झालेल्या लोकसभा पोटनिवडणुकीसाठी. निकाल लागला तेव्हा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या होत्या आणि लोकसभेची जागा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली होती. एकच मतदार काही मिनिटांच्या अंतराने दोन वेगवेगळे कौल देत असेल, तर महिनाभर आधी केलेल्या चाचणीत त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

नांदेड आणि लातूर यांनी देशातील वाऱ्याच्या उलट जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. २००४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी रालोआच पुढे राहील, असे सांगितले होते. प्रत्यक्षात केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार आले. मात्र देशात काँग्रेस सत्तेकडे जात असताना हे दोन्ही बालेकिल्ले भाजपने जिंकले. लातुरात १९८० पासून सलग सात वेळा निवडून आलेले शिवराज पाटील चाकूरकर यांना रूपाताई पाटील निलंगेकर यांनी पराभूत केले, नांदेडमध्ये डी. बी. पाटील विजयी झाले. २०१४ च्या मोदी लाटेत राज्यातील ४८ पैकी काँग्रेसला नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा मिळाल्या. म्हणजे देशाचा अंदाज चुकला तेव्हाही आणि बरोबर आला तेव्हाही, या भागाचे उत्तर त्यात नव्हते.

नमुना राज्याचा, जागा गावाची

याचे पहिले कारण संख्याशास्त्रीय आहे. योग्य रीतीने निवडलेल्या सुमारे एक हजार मतदारांच्या नमुन्यातून संपूर्ण राज्याचा कल साधारण तीन टक्क्यांच्या फरकाने सांगता येतो. परंतु राज्यभरात ४,८०० जणांना विचारले, तर एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी शंभरच जण येतात आणि तेथे चुकीची शक्यता दहा टक्क्यांपर्यंत जाते. चुरशीच्या लढतीत एवढ्या फरकात विजयी आणि पराभूत दोघेही बसतात. शिवाय जिल्हा आणि मतदारसंघ एक नव्हेत. नांदेड जिल्ह्यातील लोहा लातूर मतदारसंघात आहे, तर लातूर जिल्ह्यातील औसा उस्मानाबादमध्ये.

दुसरी अडचण मतांचे रूपांतर जागांत करण्याची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांमधील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. जागा मात्र ३० आणि १७ अशा विभागल्या गेल्या. मतांच्या टक्केवारीचा अंदाज अचूक असूनही जागांचा आकडा पूर्ण चुकू शकतो, तो असा.

आघाडीची बेरीज, बंडखोरीची वजाबाकी

१९८० च्या दशकात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी भारतीय निवडणुकांसाठी विरोधकांच्या ऐक्याचा निर्देशांक मांडला. विरोधी मते किती आहेत यापेक्षा ती किती उमेदवारांत विभागली गेली आहेत, यावर निकाल ठरतो, हे त्यामागील सूत्र. आजच्या आघाड्यांनाही ते लागू पडते. २०१९ मध्ये नांदेडला अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पराभूत झाले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते मिळाली. ही सर्व मते काँग्रेसला गेली असती असे म्हणता येत नाही. तथापि त्यातील काही वाटाही निकाल फिरविण्यास पुरेसा होता.

लातुरात त्याच वर्षी चित्र वेगळे होते. भाजपचे सुधाकर शृंगारे यांचे मताधिक्य २,८९,१११ होते आणि 'वंचित'ची मते सुमारे १ लाख १२ हजार. येथे बेरीज करूनही पराभव टळला नसता. पाच वर्षांनी त्याच शृंगारे यांना काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे यांनी ६१,८८१ मतांनी हरविले. सोयाबीनचे पडलेले भाव आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन यांची चर्चा तेव्हा गावोगाव होती. मतविभागणीचे एकच सूत्र शेजारच्या दोन मतदारसंघांनाही सारखे लागू पडत नाही.

२०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यानंतर हे गणित आणखी अवघड झाले. मागील निवडणुकीत कोणाला मत दिले, हे विचारून नमुना पडताळण्याची पद्धत आहे. परंतु तो पक्षच दुभंगल्यावर आधार कशाचा घ्यायचा? नेत्यासोबत मतदार जातोच असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि जूनमध्ये नांदेडची जागा काँग्रेसने ५९,४४२ मतांनी भाजपकडून खेचून घेतली. अवघ्या पाच महिन्यांत ते मताधिक्य दीड हजारांवर आले. जूनचा कौल नोव्हेंबरपर्यंतही टिकला नाही.

वाचकाने काय पाहावे?

मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष मतदानाचा अखेरचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. २००९ च्या दुरुस्तीने ही तरतूद झाली. मतदानपूर्व चाचण्यांवरील निर्बंध मात्र अखेरच्या ४८ तासांपुरते आहेत. त्याआधी आठवडे-महिने आकडे येतच राहतात. उमेदवारी आणि जागावाटपाच्या चर्चेतही हेच आकडे पुढे केले जातात, त्यामुळे ते पारखून घेणे मतदाराच्या हिताचे ठरते. चाचणी कोणी करविली, कोणत्या तारखांना झाली, या भागातील किती जणांना विचारले, सांगितलेला आकडा मतांचा की जागांचा, आणि तेव्हा आघाड्या व उमेदवार निश्चित झाले होते का, एवढे पाच प्रश्न पुरेसे आहेत. त्यांची उत्तरे नसतील, तर तो आकडा राज्याचा साधारण कल म्हणून वाचावा. नांदेडचा किंवा लातूरचा निकाल म्हणून तो वाचू नये.