नखांस लागणारी बुरशी : ओळख व उपाय

भातशेती करणाऱ्या आपल्या बांधवांचे पाय पावसाळाभर चिखलांत असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणें हें तर नित्याचेंच. परंतु त्याच ओलीमुळें बुरशी नखांतहि शिरते, याकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. आरंभीं नख दुखत नाहीं, काम अडत नाहीं, म्हणून वर्षानुवर्षें हेळसांड होते.

पिकावरील करपा व तांबेरा यांप्रमाणेंच हा रोगहि बुरशीजन्य होय. नायटा ज्या वर्गांतील बुरशीमुळें होतो, बहुधा तीच येथेंहि कारण असते.

लक्षणें : प्रारंभ बहुतकरून पायाच्या अंगठ्यापासून होतो. नखाच्या टोकाशीं अगर कडेला पांढरट, पिवळा किंवा तपकिरी डाग पडून तो हळूहळू मुळाकडे सरकतो. नख जाड व ठिसूळ होतें, त्याखालीं भुसा सांचतो व शेवटीं तें खालच्या मांसापासून सुटतें.

तथापि बिघडलेल्या नखांपैकीं सुमारें निम्मींच बुरशीचीं असतात. ठेचेमुळें किंवा सोरायसिस या त्वचारोगामुळेंहि नख असेंच दिसतें. यास्तव औषधावर पैसा खर्चण्यापूर्वीं नखाखालचा भुसा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासवून घ्यावा. नखांत नव्यानें काळी रेघ उमटून ती रुंद होत असेल, तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें. क्वचित् तो कर्करोगहि असतो.

उपाय : रोग टोकापुरताच असल्यास नख घासून त्यावर अमोरोल्फीनचें, रोगणासारखें वाळणारें औषध आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां लावतात. रोग मुळाकडे पोंचला असल्यास टर्बिनाफीनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणें हाताच्या नखांसाठीं ६ आठवडे व पायाच्या नखांसाठीं १२ आठवडे देतात. यकृताचा विकार असणारांस ती वर्ज्य आहे. म्हणून रक्त तपासवून डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावी. स्टेरॉइड मिसळलेलीं मलमें मनानें लावूं नयेत. त्यांनीं खाज शमते, पण बुरशी फोफावते.

मुख्य गोष्ट धीराची. करपलेलें पान पुन्हां हिरवें होत नाहीं, नवी पालवीच पाहावी लागते. नखाचेंहि तसेंच आहे. पायाचें नख महिन्यास एक ते दीड मिलिमीटरच वाढतें, त्यामुळें अंगठ्याचें सबंध नख नवें येण्यास १२ ते १८ महिने लागतात. प्रस्तुत लेखकानें गुण दिसेना म्हणून पांचव्या आठवड्यांत गोळ्या सोडल्या व सर्व श्रम वायां घालविले. दुसऱ्या खेपेस १२ आठवडे पुरे केले, तेव्हां मुळाशीं स्वच्छ नखाची कोर दिसली. पूर्ण नख येण्यास सव्वा वर्ष लागलें.

मधुमेह असणारांनीं मात्र ही हयगय मुळींच करूं नये. जाड नखाच्या दाबानें होणारी जखम त्यांस कळत नाहीं, ती चिघळते व प्रसंगीं पाय गमावण्याची पाळी येते.

खबरदारी : शेतांतून आल्यावर पाय धुवून बेचके कोरडे पुसावे. चिखल्यांवर व पायाच्या नायट्यावर वेळींच उपचार करावे. नखें कापण्याचें साधन ज्याचें त्यानें निराळें ठेवावें. ओले बूट पुरते वाळल्यावांचून पुन्हां घालूं नयेत. लावणी आटोपल्यावर जसे आपण रोपांकडे पाहतों, तसेंच एकवार घरांतील सर्वांच्या पायांकडेहि पाहावें.