नेमोची पाणबुडी आणि माझगावचे वेल्डर

गडबच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पाणबुडीचे तत्त्व समजण्यास फारसे कष्ट पडू नयेत. धरमतरच्या धक्क्याकडे माल भरून जाणारा बार्ज पाण्यात खोल बसतो. तोच रिकामा परतताना वर उचललेला दिसतो. पाणबुडी हेच करते, फक्त मालाऐवजी पाणी वापरते. पोटातल्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती जड होऊन खाली जाते. दाबाच्या हवेने ते बाहेर लोटले की वर येते. यात जादू कसलीच नाही. तरीही एका पाणबुडीला लोक दीडशे वर्षे जादूची समजत आले आहेत, आणि तिच्याविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे.

ती म्हणजे ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘नॉटिलस’. ही कादंबरी १८६९-७० साली प्रथम क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठी मुलांना व्हर्नची गोडी लावली भा. रा. भागवतांनी. आम्ही नववीत शाळा सोडलेली. आम्हांस व्हर्न भेटला तो युनियनच्या कचेरीतील कपाटात, जुन्या पगारपत्रकांच्या शेजारी. नॉटिलसचा कप्तान नेमो कोण, हे व्हर्नने पुढे १८७५ साली पूर्ण झालेल्या दुसऱ्या कादंबरीत सांगितले. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या लढ्यात घरदार गमावलेला. मुळात व्हर्नच्या मनात पोलंडचा वीर होता. प्रकाशकाने हरकत घेतली, आणि अखेर हा मान आपल्याकडे आला.

सत्तर मीटर लांबीचे हे जहाज कुणाला पत्ता न लागता बांधले कसे? नेमोची युक्ती अशी: कणा फ्रान्समध्ये, पत्रे लिव्हरपूलला, पंखा ग्लासगोला, यंत्र जर्मनीत क्रुपकडे, आणि प्रत्येक ठिकाणी निराळ्या नावाने मागणी. (दांडा लंडनच्या ‘पेन’ कंपनीचा, आपल्या पेणचा संबंध नाही!) सुटे भाग एका ओसाड बेटावर जोडले, मग कारखान्याच्या खुणा जाळून टाकल्या. हजारो हातांनी ते जहाज घडविले, आणि आपण काय घडवितो हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

आता विजेचे पाहू. नॉटिलसवर दिवे, पंखा, स्वयंपाक, सारे विजेवर. वाचक तेथेच ‘जादू’ म्हणून थांबतो. पण आगरात मीठ पिकविणाऱ्या माणसाने पुढे विचारावे. वीज बॅटरीतून येते, बॅटरीत सोडियम लागते, सोडियम समुद्राच्या मिठातून काढतात. मिठातून सोडियम वेगळे करावयास भरपूर उष्णता हवी. ती कोळशाची. कोळसा कुठला? एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात, समुद्राखाली खाण आहे. तेथे नेमोचे खलाशी पाणबुड्याचा पोशाख चढवून कुदळ-फावड्याने कोळसा खणतात. व्हर्नने हे स्वच्छ लिहून ठेवले आहे. इतक्या गूढ विजेच्या तळाशी शेवटी कुदळ मारणारा माणूस निघाला! त्यांतील एकाचेही नाव मात्र पुस्तकात नाही. एक मेला, त्याला पोवळ्यांत पुरले, तोही निनावीच.

खरी पाणबुडी आपल्या मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधतात. देशात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ १९९२ साली नौदलात आली, दुसरी ‘शंकुल’ १९९४ साली. तेथील कामाचे मोल कळावयास थोडे गणित हवे. दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार वाढतो. दोनशे मीटरवर तो वीस किलो होतो. घराच्या दाराएवढ्या, दोन मीटर बाय एक मीटर पत्र्यावर चारशे टन! अशा पत्र्यांचे सांधे वेल्डर जोडतो. आतील बारीक पोकळी डोळ्यांस दिसत नाही, म्हणून क्ष-किरणांनी सांधे तपासतात. असा हात एका वर्षात तयार होत नाही.

शंकुलनंतर काय झाले? पुढच्या पाणबुड्यांचा करार व्हावयास २००५ साल उजाडले, आणि त्यांतली पहिली ‘कलवरी’ २०१७ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाली. मधल्या काळात गोदीतली यंत्रे झाकून ठेवता आली असतील. वेल्डरचा हात झाकून ठेवता येत नाही. तो दुसरे काम धरतो, निवृत्त होतो, त्याच्या हाताखाली शिकावयास पोरगा नसतो. नौका गुप्त असावी हे आम्हांस मान्य आहे. शत्रूला तिचा ठाव लागता कामा नये. पण त्या पडद्याआड कारागीरही दिसेनासा होतो, आणि काम थांबले की त्याची विचारपूस कोण करणार?

सहा पाणबुड्यांच्या या मालिकेतील शेवटची, ‘वागशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात गेली. आमच्या ओळखीचे एक म्हातारे वेल्डर त्या दिवशी टीव्हीसमोर बसले होते. उमेदीच्या वर्षांत घरी कुणी कामाचे विचारले की ते “डॉकात आहे” एवढेच सांगत. मंडळी भाषणे ऐकत होती. म्हातारबुवा पडद्याजवळ सरकून सांधा कुठे दिसतो का ते शोधत होते.