सीएनजी किट बसवलेल्या गाडीत ‘चेक इंजिन’ लाईट का लागते? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचं पिवळं चित्र लागलं की गाडीमालकांचे दोन प्रकार पडतात. एक जण महिनोन्‌महिने त्याकडे बघत नाही. दुसरा त्याच दिवशी गॅरेज गाठतो आणि हजारोंचा सेन्सर बदलून येतो. आठ दिवसांनी लाईट पुन्हा लागते ती वेगळीच.

गाडी कंपनीतून आली तशी असेल तर प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. पण अंबाजोगाईत एमएच ४४ पासिंगच्या ज्या जुन्या पेट्रोल गाड्या लातूर, परळी, केजच्या रस्त्यांवर दिसतात, त्यातल्या अनेकांमध्ये नंतर काही ना काही बदल झालेले असतात. कुणी बाहेरून सीएनजी किट बसवलंय, कुणी सायलेन्सर बदललाय, कुणी डिकीत वूफर आणि पुढे जादा लाईट लावलेत. अशा गाडीत ‘पी-०१७१’ हा कोड आला की इंटरनेट सांगतं, ऑक्सिजन सेन्सर बदला. आणि बऱ्याचदा तो सेन्सर बिचारा खरंच बोलत असतो.

आधी ही लाईट काय सांगते ते समजून घेऊ. भारतात चारचाकींना ओबीडी ही स्वतःच स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा एप्रिल २०१० पासून आणि तिची पुढची आवृत्ती, ओबीडी-२, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. स्टेअरिंगच्या खाली, पायाजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, त्याला स्कॅनर लावला की कोड दिसतो. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलमधलं ॲप एवढ्यावरही काम भागतं. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी-०१७१’चा अर्थ एवढाच, की जळणारं मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त किंवा इंधन कमी. ते का, हे कोड सांगत नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुराच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण जमतंय का ते सतत पाहतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्यानुसार इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते कमी-जास्त करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि स्कॅनरवर ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास, अगदी अधिक-उणे १० पर्यंत असली तरी चिंता नाही. ती २५ टक्क्यांच्या घरात गेली की ईसीयू हात टेकतो आणि लाईट लावतो.

आता यात सीएनजी किट आलं. सिक्वेन्शियल किटला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो, पण तो स्वतंत्र विचार फारसा करत नाही. मूळ ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरला जो इशारा देतो तो मधेच पकडायचा, गॅसच्या हिशेबात बदलायचा आणि गॅसच्या इंजेक्टरला द्यायचा, एवढंच त्याचं काम. मूळ ईसीयूला वाटत राहतं की आपण पेट्रोलच सोडतोय. त्यामुळे गॅस कमी पडला तर दोष पेट्रोलच्या खात्यावर जमा होतो. ईसीयू ‘अजून इंधन दे’ म्हणत ट्रिम वाढवत नेतो आणि ती सवय लक्षात ठेवतो. मग कधी पेट्रोलवर गाडी टाकली की तीच वाढीव मात्रा पेट्रोलची सुटते. गाडी काळा धूर टाकते, पेट्रोलचा वास येतो, सिग्नलला बंद पडते. मालक म्हणतो पेट्रोल पंप गेला, आणि मूळ दुखणं असतं गॅसच्या फिल्टरमध्ये.

म्हणून अशा गाडीची पहिली तपासणी फुकटातली आहे. कोड लिहून घ्या आणि त्यासोबतची ‘फ्रीझ फ्रेम’ही टिपून घ्या. लाईट लागली त्या क्षणी स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन गरम होतं की थंड, हे त्यात साठवलेलं असतं. त्यानंतरच कोड पुसा आणि दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. एकाच फेरीत नको, कारण बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय लाईट लागत नाही. पेट्रोलवर लाईट आली नाही आणि गॅसवर आली, तर दुखणं किटमध्ये. दोन्हींवर आली तर इंजिनात किंवा बाकीच्या बदलांत. बॅटरीची वायर काढून लाईट घालवणारे मिस्त्री इथेच घोळ करतात. लाईट जाते, पण फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे पुरावाच पुसला जातो.

दोष किटमध्ये सापडला तर कुठे पाहायचं? टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो, इंजेक्टरपर्यंत तो दोन-अडीच बारवर आणावा लागतो. हे काम रिड्यूसर करतो. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम कुलंट फिरवलेलं असतं. कुलंट कमी झालं किंवा पाइपात हवा अडकली की रिड्यूसर गारठतो आणि गॅस पुरत नाही. लाईट लागते मिश्रण पातळ असल्याची, पण खरी बातमी असते कुलंट संपत आल्याची, आणि ती चुकली तर पुढे इंजिन तापून हेड गॅस्केट उडायची वेळ येते. त्यामुळे इंजिन थंड असताना कुलंटची पातळी आधी बघायची, मग गॅसचा फिल्टर. तो साधारण दर १५-२० हजार किलोमीटरला बदलायचा असतो आणि सहसा बदललेला नसतो.

ट्रिमचे आकडे अजून एक गोष्ट सांगतात. गाडी जागेवर उभी असताना ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम पाइप फुटून फाजील हवा येतेय. किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडलेली असतात, ती जागा पहिली संशयित. उलट जागेवर ठीक आणि चढाला ट्रिम वाढते, तर इंधन कमी पडतंय. अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगररांगेत आहे, त्यामुळे ही परीक्षा इथे वेगळी घ्यावी लागत नाही. चार माणसं बसवून एक चढ चढला की पुरे.

मिसफायरचे कोड ‘पी-०३००’पासून सुरू होतात. ‘पी-०३०२’ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते, म्हणून पेट्रोलवर धकणारा जुना प्लग किंवा कॉइल गॅसवर हार मानते. गाडी मिसिंग मारते, झटके देते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दोनची तीनला लावून बघा. कोड ‘०३०३’ झाला तर कॉइल गेली, नाही झाला तर प्लग आणि गॅसचा इंजेक्टर तपासा. नवी कॉइल आणण्याआधी हे पाच मिनिटांचं काम आहे.

लाईट स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. ती लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर चालू आहे आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. तो भाग लालबुंद होतो आणि खालच्या वाळक्या गवताला किंवा पाचटालाही आग लागू शकते. रात्री पेशंट घेऊन स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाकडे निघाला असाल आणि गॅसवर लाईट लुकलुकू लागली, तर लगेच पेट्रोलवर टाका. थांबली तर हळू चालवत पोहोचा. तरीही लुकलुकत राहिली तर दुसरी गाडी बोलवा.

बाकीच्या बदलांचं थोडक्यात. फ्री-फ्लो सायलेन्सर बसवताना जोड नीट बसला नाही, तर सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नसलेला दोष दिसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला की ‘पी-०४२०’ येणारच. सेन्सरखाली स्पेसर लावून ती लाईट विझवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. लाईट विझते, धूर तोच राहतो. वूफर आणि जादा लाईटसाठी वायर कुठूनही कापून जोडली असेल तर व्होल्टेज उतरतं, आर्थिंग कच्चं होतं आणि एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम येतात. असे कोड दिसले की सेन्सर नव्हे, वायरमन गाठावा. उंदरांनी वायर कुरतडल्यावरही हेच चित्र दिसतं.

त्यात आता ई-२० पेट्रोल. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, १ किलोला साधारण ९ किलो. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येतं. म्हणजे जुन्या गाडीत काहीही बिघाड नसताना ट्रिम पाच-सात टक्के वर असू शकते. एकट्या ई-२० मुळे लाईट लागायला नको, पण आधीच काठावर असलेल्या गाडीला ते काठावरून ढकलू शकतं.

कायद्याची बाजूही बघायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मान्यताप्राप्त सीएनजी किटला परवानगी आहे, पण आरसी बुकावर नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट हवी. जुनी गाडी घेताना हे दोन कागद आधी मागावेत, कारण नोंद नसलेलं किट कुणी आणि कसं बसवलं याचा पत्ता लागत नाही.

दुरुस्तीनंतर लाईट आपोआप जायला साधारण तीन निर्दोष फेऱ्या लागतात. कोड मेमरीतून पुसला जायला इंजिन सुमारे ४० वेळा गरम व्हावं लागतं. तोवर स्कॅनरवर गॅसची ट्रिम आणि पेट्रोलची ट्रिम वेगवेगळी लिहून ठेवावी. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर किटचं ट्यूनिंग अजून बाकी आहे, आणि ते लॅपटॉप जोडणाऱ्या किटवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं.