मधाची पारख

"मावशी, साखरेचा पाक विकता आणि त्याला मध म्हणता?" हे उद्गार माझेच. आठवले की आजही मान खाली जाते.

जावळी खोऱ्यातील एक मावशी दरवर्षी आमच्या दारी मध घेऊन येत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बाटलीच्या तळाशी पांढरट रवा साचला. "साखरच ही!" आजीने निकाल दिला. मी पाण्याच्या पेल्यात थेंब सोडून पाहिला, तर तो तळाशी जाण्यापूर्वीच पसरला. झाले, आमची खात्री पटली. मावशी पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना वरील शब्द ऐकवले. "ताई, पोळं म्या माझ्या हातानं पिळलंय," एवढेच म्हणून त्या गेल्या. त्यानंतर त्या आमच्या आळीत आलेल्या नाहीत.

पुढे ती बाटली मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सरांकडे नेली. त्यांनी जे समजावून दिले, ते मज कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही कळले, म्हणून येथे सांगते.

मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन शर्करा असतात. पैकी ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते. थंडी पडली की त्याचे स्फटिक होतात, आणि यालाच आपण 'साखर बसली' म्हणतो. सूर्यफुलाचा किंवा मोहरीचा मध तर फार लवकर रवाळ होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की रवा विरघळतो. तेव्हा रवा हा भेसळीचा पुरावा नव्हे.

आता घरगुती कसोट्या पाहू. मधात भिजवलेली वात पेटली तर मध शुद्ध, असे म्हणतात. वस्तुतः त्यातून फार तर पाण्याचे प्रमाण कळते. पाण्यातील थेंबाचेही तसेच. दाट पाक दोन्ही परीक्षांत सहज उत्तीर्ण होतो. उलट सह्याद्रीच्या दमट हवेतील अस्सल मधात पाण्याचा अंश अधिक असू शकतो, आणि तो बिचारा नापास ठरतो. मुंग्यांची साक्ष तर मुळीच ग्राह्य नाही, कारण मुंग्या मधालाही लागतात.

प्रयोगशाळेत प्रथम पाण्याचा अंश मोजतात. आपल्या देशातील मानकांनुसार तो २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, ५ टक्क्यांपर्यंत चालते. मात्र सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या आपल्या कारवीच्या मधाला १० टक्क्यांची सवलत आहे. फीहे यांच्या कसोटीत मध ईथरमध्ये घोटून त्या अर्कात रिसॉर्सिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. लाल रंग येऊन टिकला, तर आम्लाने फोडलेल्या साखरेचा संशय घेतात. परंतु फार तापवलेला किंवा जुना मधही लाल होतो, म्हणून या एकाच कसोटीवर निकाल देत नाहीत.

भेसळ करणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. ऊस व मका यांच्या साखरेतील कार्बनची घडण मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांतील बहुतेकांहून वेगळी असते, म्हणून ती साखर पकडता येते. तांदळाचा पाक मात्र या जाळ्यातून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट' या संस्थेने १३ छापांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली. जर्मनीतील एन. एम. आर. या आधुनिक चाचणीत त्यांपैकी केवळ ३ उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष अमान्य केले. आकर्षक बाटली आणि तिच्यावरची चिठ्ठी पाहून निश्चिंत होणाऱ्या आपणा सर्वांना मात्र यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

आमच्या बाटलीचे काय झाले? फीहे कसोटीत लाल रंग आला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली परागकण भरपूर दिसले. "एवढ्यावरून मध शंभर टक्के शुद्ध, असे मी लिहून देणार नाही," सर म्हणाले, "पण त्या बाईंना खोटे ठरवायला तुझ्यापाशी काय पुरावा होता?"

या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. दुकानातील बाटलीला मी कधी पाण्याचा पेला दाखवला नव्हता. परीक्षा घेतली ती डोक्यावर टोपली घेऊन दारी आलेल्या बाईची, आणि तीही चुकीच्या मापाने. कोमट पाण्यात ठेवलेला तो मध पुन्हा पातळ झाला आहे. मावशींची वाट पाहत आहे. त्या आल्या तर मधाआधी क्षमा मागायची आहे.