तक्त्यात नसलेली झोप

रस्त्यावरच्या सुरक्षेविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते, ते बहुतेक चालकाला उद्देशून असते. सावकाश चालवा, घरी कोणी वाट पाहत आहे. पाटी लावणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण गाडी केव्हा सुटावी, केव्हा पोचावी, दिवसात किती खेपा व्हाव्यात, हे चालक ठरवीत नाही. ज्याच्या हाती स्वतःचा वेळ नाही, त्याला वेगाचा उपदेश करून काय साधणार?

सोलापुरात हा प्रश्न समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजापूर हे महामार्ग इथे एकमेकांना मिळतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर या रस्त्यांवर रात्रभर चालतात. मागचा दिवा उसाखाली दडलेला, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने माखलेला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रेलर दिसतो, तेव्हा अंतर उरलेले नसते.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्याबरोबरीची जी मुले शाळेतून गळाली, त्यांतली कित्येक स्टिअरिंगवर गेली. आज माझ्या वर्गातलेही दोघे-तिघे हंगामात ट्रॅक्टरवर असतात. पैसे खेपेवर मिळतात. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत बसल्या जागी डुलकी काढायची, ऊस उतरला की पुन्हा फडाकडे. झोप घेतली तर खेप चुकते, खेप चुकली तर पैसे जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. मग ट्रक-टेम्पोवाल्याला तीन सेकंदांची डुलकी लागली, की ५० मीटर रस्ता गाडी चालकाविनाच कापते.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मेली. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर मांडले आहेत. नियमभंगाच्या त्या तक्त्यात वेग, दारू, चुकीची बाजू, सिग्नल, मोबाइल असे रकाने आहेत. झोपेचा रकाना नाही. जो रकानाच नाही, त्याचा दोष मालकापर्यंत पोचणार कसा?

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. गिरणगाव सोलापूरला ४८ हा आकडा परका नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. पण वाहतुकीचा कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच मुळात लागू होता. एका ट्रकचा मालक आणि त्याचा एकुलता ड्रायव्हर बाहेरच राहिले. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला आणि पाचाची अट दहाची झाली. म्हणजे दार रुंद होण्याऐवजी अरुंद झाले.

अपघाताचे कारण कुठपर्यंत शोधायचे, हे १९२९ सालच्या चाळीसगावच्या प्रसंगावरून कळते. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी जाऊ नये म्हणून वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला सवय नव्हती. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. आजच्या तक्त्यात हा अपघात ‘चालकाची चूक’ म्हणून नोंदला गेला असता. पण लगाम अनोळखी हातात का गेला? त्याचे उत्तर पुलावर नव्हते, स्टेशनबाहेरच्या त्या नकारात होते.

आजच्या अपघातांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. प्रत्येक पंचनाम्यात चालक किती तासांपासून जागा होता, हे लिहिले जावे. वजनकाट्यावर उसाचे वजन होते, तिथेच मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर तपासला जावा. गाडीतळावर पाठ टेकायला जागा असावी, आणि झोपलेल्याचा नंबर राखला जावा. यात खर्च फारसा नाही. ड्रायव्हरची झोप ही त्याच्या मजुरीचाच भाग आहे, एवढे मान्य करावे लागेल. अडचण तिथेच आहे.